व्हॉल्व्हच्या चाकावरची हळद

मी भविष्य सांगते. पत्रिका, तळहात, पोपट यांपैकी मला काहीही लागत नाही. मला लागतं पाण्याचं तापमान, नळ्यांची लांबी आणि समोर बसून ऐकणारा एखादा माणूस, कारण प्रेक्षक नसला की माझं डोकं चालत नाही. तळोज्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि काम कायम एकच: हीट एक्स्चेंजर नावाचा प्राणी किती दिवस शहाण्यासारखा वागेल आणि केव्हा बिथरेल, हे तो बिथरायच्या आधी सांगायचं.

नाव ऐकून घाबरू नका. गरम दुधाचं पातेलं तुम्ही पाण्याच्या परातीत ठेवता ना? दूध निवतं, पाणी कोमट होतं, दोघं एकमेकांत मिसळत मात्र नाहीत. झाला तुमचा हीट एक्स्चेंजर. आमच्या कारखान्यातला मोठा कूलर म्हणजे पोटात नळ्यांची मोळी घेऊन आडवं पडलेलं एक लांबलचक लोखंडी पिंप. नळ्यांतून थंड पाणी जायचं, नळ्यांच्या बाहेरून गरम रसायन. पण पाण्यातले क्षार नळ्यांना आतून चिकटत राहतात, पनवेलकरांच्या गीझरमध्ये चिकटतात तसेच. थर वाढला की उष्णता अडते आणि रसायन निवायच्या ऐवजी गरमच बाहेर पडायला लागतं. ते ठरावीक तापमानाच्या वर गेलं की कारखाना थांबवायचा, कूलर उघडायचा, नळ्या घासायच्या.

तो दिवस कधी येणार? हे सांगणारी मी.

यासाठी समीकरणं आहेत, मोठी देखणी आहेत. त्यात सगळं बसतं, फक्त मळ किती वेगाने साचेल तो आकडा आपल्या पदरचा घालावा लागतो. तिथे ज्याची त्याची ऐपत दिसते. मी माझा आकडा घालून एक लाल रेघ काढायची आणि तो मोठा कागद कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावायची. रेघ म्हणजे माझं भविष्य. मग रोज सकाळी कूलरमधून बाहेर पडणाऱ्या रसायनाचं तापमान बघायचं आणि कागदावर निळा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे खरं जग. ठिपके रेघेवर बसले तर मी जिंकले.

पहिल्या वर्षी ठिपके कुठेही गेले. भर मीटिंगमध्ये तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, "मॅडम, यापेक्षा दारात नंदीबैल उभा करू. तो निदान मान तरी हलवतो." सगळे हसले. मीही हसले, अगदी टाळी देऊन हसले. मग जेवणाच्या सुट्टीत डबा समोर ठेवून बसून राहिले आणि तसाच बांधून घरी नेला.

हे पाहिलं शेठने.

शेठ म्हणजे आमच्या शिफ्टचे सुपरवायझर. रोडपालीच्या पलीकडच्या गावचे. बापजाद्यांची भातशेती आणि मिठागर नव्या शहरात गेलं, बदल्यात मिळालेल्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळे हा माणूस मॅनेजरपेक्षा मोठ्या गाडीतून कारखान्यात यायचा, गळ्यातली साखळी शर्टाच्या आत ढकलायचा, वर निळा युनिफॉर्म चढवायचा आणि गाडीतला एसी सोडून आमच्या उकाड्यात उभा राहायचा. नोकरी कशाला करता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरी बसलो तर बायको कामं सांगते, मॅडम. हितं मी सांगतो."

आमची जेवायची जोडी होती. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि खाडीतलं काहीतरी, निवटे नाहीतर सुका जवळा. माझ्या डब्यात आमटी आणि कोबी. आमच्याकडे मासे शिजत नाहीत, नवऱ्याला नुसत्या वासाने मळमळतं, म्हणून मी माझा कोबी शेठना द्यायची आणि त्यांचे निवटे स्वतः संपवायची. शेठ कोबी चावत विचारायचे, "ह्याच्यात काय हाय?" मी म्हणायची, "कोबी." "बाकी काय?" "बाकी काही नाही." "मंग ठीक हाय."

तर नंदीबैलाच्या त्या वर्षानंतर मी आकडा बदलला, नवी रेघ काढली आणि चमत्कार झाला. ठिपके रेघेवर बसायला लागले. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. कोणी मण्यांत दोरा ओवावा तसे. कूलर धुवायचा दिवस दरवर्षी मी सांगितला तेव्हाच यायचा आणि तोही नेमका गणपती झाल्यावर, त्यामुळे गावाकडची मंडळी मला दुवा द्यायची. नवा माणूस कारखान्यात आला की मी त्याला कंट्रोल रूममध्ये न्यायची, तपासणीचा स्टँडवरचा दिवा जरा मागे उभा करायची आणि कागदासमोर हात पसरून म्हणायची, "बघा! हे आधी लिहिलं होतं, आणि हे नंतर घडलं!" शेठ मागून म्हणायचे, "मॅडमचा शब्द पडत नाय." शिफ्टमधली पोरं माना डोलवायची. मला ज्योतिषीबाई असं नाव पडलं. ते मी मिरवलं, खोटं कशाला बोलू.

मला खरं तर संशय यायला हवा होता. खऱ्या जगातले ठिपके इतके सरळ चालत नाहीत. पाणी कधी गढूळ येतं, कधी उन्हाने तापतं, पंप कधी रुसतो. हे मी इतरांना शिकवते. पण स्वतःच्या आरतीच्या वेळी कोणी तबकातल्या वाती मोजत बसतं का?

यंदा मे महिन्यात कळस चढणार होता. मुख्य कचेरीतले साहेब येणार होते, माझी रेघ बघायला. पसंत पडली तर कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत माझ्याच पद्धतीने भाकीत करायचं आणि सगळीकडच्या लोकांना मी शिकवायचं, असं ठरत होतं. सोमवारी ते येणार. मी साडी काढून ठेवली. नवऱ्यासमोर भाषण इतक्या वेळा म्हणून दाखवलं की तो माझ्या थांबण्याच्या जागी आपोआप टाळ्या वाजवायला लागला.

आणि त्या सोमवारच्या आधीच्याच आठवड्यात शेठच्या मुलीचं लग्न. त्यांच्या गावचं लग्न म्हणजे अख्खं गाव रजेवर. आमची निम्मी शिफ्ट त्या मांडवात, आणि कंट्रोल रूमच्या पॅनेलसमोर दुसऱ्या शिफ्टची, बाहेरून आलेली माणसं.

शेठ रजेवर गेले आणि माझे ठिपके रेघ सोडून वर चढायला लागले. पहिल्या दिवशी मी थर्मामीटरला दोष दिला. दुसऱ्या दिवशी पाण्याला. हळदीच्या दिवशी सकाळी ठिपका इतका वर गेला की कागदाच्या वरच्या कडेला टेकला. समोर सोमवार दिसत होता आणि नंदीबैल मान हलवत होता. मी शेठना फोन लावला. पलीकडे बेंजो वाजत होता, बायका ओरडत होत्या.

"शेठ, लग्नघरी त्रास देते. रेघ बिघडली हो."

"किती?"

मी आकडा सांगितला. ते बेंजोपासून जरा लांब गेले. मग म्हणाले, "काय काळजी करू नका. बसंल."

"अहो, कशी बसेल?"

"कूलर हाय, मॅडम. लग्नाला माझ्यावर रुसलाय. बसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका रेघेवर. तंतोतंत. मी कंट्रोल रूममध्ये एकटीने गिरकी घेतली. पॅनेलवरच्या माणसाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मग मला कूलरला भेटावंसं वाटलं. हो, भेटावंसं. इतक्या वर्षांचा संबंध. मी हेल्मेट घातलं आणि खाली जाऊन त्या पिंपावर थाप मारणार, तेवढ्यात बाजूच्या व्हॉल्व्हवर नजर गेली.

त्या व्हॉल्व्हविषयी दोन शब्द सांगायला हवेत. कूलरला वळसा घालून जाणारी एक लहान पाइपलाइन असते, तिला बायपास म्हणतात. तिच्यातून थोडं गरम रसायन कूलरमध्ये न जाताच पुढे जातं आणि निवलेल्या रसायनात मिसळतं. बायपास उघडला की बाहेरचं तापमान वाढतं, बंद केला की उतरतं. माझ्या सगळ्या गणितात हा बायपास बंद धरलेला होता, कारण तो बंद असतो, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं.

त्या व्हॉल्व्हचा दांडा बाहेर आलेला होता. म्हणजे तो उघडा होता. आणि त्याच्या गोल चाकावर, लाल रंगावर, पाच पिवळी बोटं उमटली होती.

मी वाकून वास घेतला. हळद. तेलात कालवलेली, लग्नाची.

वर येऊन मी पॅनेलवरच्या माणसाला शांतपणे विचारलं, "बायपास कोणी फिरवला?"

मी आज वार कोणता असं विचारल्यासारखं बघत तो म्हणाला, "शेठ आले होते ना काल. ते तुमच्या रेघेचं काम शेठच बघतात."

"रेघेचं काम?"

"शिफ्ट बदलताना सांगतातच की. पंप, पाणी, आणि मॅडमची रेघ सांभाळा. आम्हाला ती शेठसारखी जमत नाही." मग माझा चेहरा बघून तो जरा चाचरला. "मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय."

लग्न दुपारचं होतं. मी त्याच साडीत गेले, सोमवारच्या. मांडवात धवलारीण लग्नाची गाणी, धवले, म्हणत होती, तिचा आवाज माइकला न जुमानता मांडवभर फिरत होता. शेठ फेटा बांधून जेवणाच्या टेबलांजवळ लोकांना आग्रह करत होते. मी थेट समोर गेले.

"हात दाखवा."

"आता हात बी बघता काय? सांगा मंग, जावई कसा निघंल?"

"पुढचं नाही सांगत. कालचं सांगते. काल हळद लागल्यावर तुम्ही कारखान्यात गेलात."

शेठने हात पाठीमागे नेले. शाळेतल्या मुलासारखे. नखांत पिवळं होतंच.

"आइसक्रीम खाता काय?" ते म्हणाले.

"व्हॉल्व्ह."

"मँगो हाय."

"शेठ! कधीपासून?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला आचाऱ्यांच्या मागे, मोठ्या पातेल्यांच्या आडोशाला नेलं. "त्या नंदीबैलापासून," ते म्हणाले. "तुमी त्या दिवशी डबा उघडला नाय. मी सुरमई आनलेली, तीबी तुमी खाल्ली नाय. मंग बोललो, येवढ्याशा ठिपक्यासाठी बाय उपाशी राहते, आनि ठिपका तर आपल्या हातात हाय. व्हॉल अर्धा उघडून ठेवला. ठिपका खाली गेला का उघडायचा, वर गेला का बंद करायचा. ह्यात काय मोठं?"

"आणि गणपती?"

शेठने फेट्याखाली कान खाजवला. "आता व्हॉल हातातच हाय, तर गनपतीनंतरच नेनार ना. गनपतीत नल्या घासायला कोन येनार, तुमी?"

मला हसू आलं, आणि मी तुम्हाला शपथेवर सांगते, त्या हसण्याचा मला इतका राग आला की मी तिथल्या पातेल्यावर हात आपटला. आचारी दचकला. गणपतीसाठी केलं हे मला कळत होतं. सुट्टीसाठी माणूस काहीही करतो, मीही केलं असतं. पण सुरुवात गणपतीने झाली नव्हती, डब्याने झाली होती. कीव येऊन झाली होती. आणि ती कीव शिफ्ट बदलताना एकमेकांच्या हातात देत आली होती सगळी, पंपासारखी, पाण्यासारखी. मी दिवा मागे उभा करून हात पसरायची तेव्हा माझ्यामागे माना डोलवणारी ती सगळी पोरं काय बघत असतील?

"शेठ," मी म्हणाले, "मला रेघ बरोबर यायला नको होती. ती बरोबर आहे का, हे मला कळायला हवं होतं. एवढं एकच हवं होतं. ते तुम्ही इतकी वर्षं मला कळू दिलं नाहीत."

त्यांनी फेटा काढून हातात घेतला. मला वाटलं, कळलं. मग त्यांनी एकदम ताई म्हटलं. एरवी ते मला मॅडमच म्हणायचे.

"ताई, असं करू. सोमवारी पाहुने येनार ना? पोरीची पाठवनी झाली का मी मोकला. सकाली येतो आनि बसवतो नीट. कोनाला कलनार नाय."

मनापासून म्हणाला हो तो माणूस! डोळ्यांत पाणी होतं, मुलीचं की माझं, देव जाणे. मी मुलीला आहेर दिला, मँगो आइसक्रीम खाल्लं, कारण त्याचा काही दोष नव्हता, आणि घरी आले.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं, पातेल्यावरच्या थापेसकट. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "पण किती खूश असायचीस तू!" हे तो अशा सुरात म्हणाला की मी कान टवकारले. संध्याकाळी मी मुद्दाम आमटीत मीठ घातलंच नाही. त्याने भुरका मारला आणि मान डोलवून म्हणाला, "छान झालीय."

त्या रात्री माझ्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही. खरं म्हणजे मी बोलले नाही. त्याने दोनदा विचारलं की काय झालं.

दुसऱ्या दिवशी पनवेलच्या बाजारातून मी एक दणकट कुलूप आणि साखळी आणली. रीतसर परवानगी घेतली. बायपास पूर्ण बंद करून त्याच्या चाकाला साखळी घातली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पिवळी बोटं पुसली नाहीत. ठिपका लगेच उतरला. रेघेच्या बराच खाली गेला. म्हणजे आमचा कूलर माझ्या भाकितापेक्षा कितीतरी चांगला चालत होता. मळाचा माझा आकडाच मोठा होता. इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्याला अधिक घाण समजत आले होते आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मला बरं वाटावं अशी सगळ्यांची इच्छा होती.

सोमवारी साहेब आले. मी सोमवारची साडी लग्नात नेसून मळवली होती, म्हणून दुसरी नेसले. दिवा मागे उभा केला नाही. साहेबांनी कागद बघितला: इतक्या महिन्यांचे ठिपके रेघेवर, मग काही वर उडालेले आणि शेवटचे खड्ड्यात पडल्यासारखे.

"हे शेवटचे काय झालं?"

"हे शेवटचेच खरे आहेत," मी म्हणाले. "आधीचे धरू नका. तेव्हा बायपास उघडा राहत होता."

"कोणी ठेवला?"

शेठ दारात उभे होते, युनिफॉर्ममध्ये, मुलीची पाठवणी करून आदल्या दिवशीच कामावर हजर झालेले. नखं अजून पिवळी. त्यांनी घसा साफ केला. ते बोलणार होते, मला दिसत होतं.

"ठेवला गेला," मी म्हणाले. "आता कुलूप आहे."

साहेब म्हणाले, "पण मॅडम, रसायन जास्त थंड होतंय, चांगलंच आहे की!" मी म्हणाले, "कारखान्यासाठी चांगलं आहे. भविष्य सांगणारीसाठी चूक ती चूक." त्यांनी शहाळं घेतलं, बघू म्हणाले आणि गेले. ते बघू अजून चालू आहे.

मी नवी रेघ काढली. आकडा उतरवला. तिच्याभोवती ठिपके आता माणसांसारखे भटकतात, एक वर, दोन खाली, पाऊस झाला की सगळे एका बाजूला. सांगितलेला दिवस गणपतीत येतो की काय याची गावात काळजी आहे आणि त्याबद्दल माझ्याकडे बघून कुजबुज होते. शेठ आणि मी जेवतो एकत्रच. निवटे मीच खाते. पण ते आता रेघेबद्दल विचारत नाहीत आणि मी त्यांना सांगत नाही. जेवताना पूर्वी आमच्यात जी बडबड असायची तिच्या जागी आता कोबी चावल्याचा आवाज असतो. एकदा त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "किल्ली कुठं ठेवता, मॅडम?" मी सांगितलं नाही. आणि मला वाईट वाटलं नाही, याचंच नंतर वाईट वाटलं.

परवा सकाळी ठिपका रेघेवर बसला. बरोबर मधोमध. माझी पेन्सिल कागदावर टेकली आणि मी गर्रकन मागे वळले. शेठ पॅनेलजवळ उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले, पंजे उघडे, स्वच्छ.

"मी नाय हां, मॅडम! देवाशप्पथ. ह्यो तुमचाच."

सगळी शिफ्ट माझ्याकडे बघत होती. रेघेवर बसलेला माझा पहिला खराखुरा ठिपका. पूर्वीची मी असते तर दिवा ओढून आणला असता, हात पसरले असते, दोन शब्द बोलले असते.

मी हेल्मेट घातलं, खाली गेले आणि कुलूप ओढून बघितलं.